गिरणी थांबली, तर जात्यावर कोण बसणार?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

‘मी मूळची कराड तालुक्यातील. सहा वर्षांपासून मुंबईत दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते. गेल्या वर्षभरात रात्री जागून मी स्वतःची दहा भागांची मालिका लिहिली. डिसेंबरमधील एका रात्री वीज, फोन, संगणक, वाहने सारे एकदम बंद पडते. कथा त्यानंतर पंधरा वर्षांनी सुरू होते. मुंबई ओस पडली आहे, किल्ल्यांवर नवे सरदार बसले आहेत, तलवारी परत आल्या आहेत आणि वीज परत आणू शकेल अशा एका शास्त्रज्ञाच्या शोधात चार तरुण पायी निघाले आहेत. एका निर्मितीसंस्थेने सांगितले, की हे बाहेरच्या मालिकेसारखे वाटते आणि खर्च झेपणार नाही. दुसरीकडे म्हणाले, आधी सगळे बंद का पडले ते सांगा. माझे वडील वीज मंडळात वायरमन होते. त्यांनी संहिता वाचून एकच प्रश्न विचारला, “कोयना हाय तवर पंधरा वर्सं अंधार कसा ऱ्हाईल?” मला उत्तर देता आले नाही. मी ही कथा सोडून द्यावी का? सोडायची नसेल, तर बंद पडण्याचे कारण काय द्यावे?’

सप्रेम नमस्कार.

कथा सोडू नका. ती पंधरा वर्षांनंतर सुरू करण्याचा आणि किल्ल्यांवर नेण्याचा निर्णय मात्र मागे घ्या, अशी माझी मनापासून विनंती आहे. तुम्हाला मिळालेल्या तीन अभिप्रायांपैकी सर्वांत मोलाचा अभिप्राय तुमच्या वडिलांचा आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

औष्णिक वीजकेंद्र एकदा पूर्ण थंड पडले, की ते पुन्हा पेटवायला बाहेरून बरीच वीज लागते, कारण कोळसा दळणाऱ्या चक्क्या, हवा ओढणारे पंखे आणि बॉयलरला पाणी देणारे पंप हे सगळे विजेवरच चालतात. जलविद्युत केंद्राचे तसे नसते. उंचावर पाणी असले आणि झडपा उघडण्यापुरती वीज एखाद्या डिझेल जनित्रातून मिळाली, तर टर्बाइन फिरू लागते. सारे जाळे कोसळल्यावर अभियंते आधी जलविद्युत केंद्रांकडे वळतात ते याच कारणाने. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे, आणि तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरते, हे कराडच्या माणसाला मी सांगण्याची गरज नाही. धरणात पाणी असताना आणि काम जाणणारी माणसे हयात असताना पंधरा वर्षे मिट्ट काळोख राहणार नाही, हे तुमच्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे.

तेव्हा त्यांच्या प्रश्नाला बगल देऊ नका, त्यालाच कथेत घ्या. कोयनेचे एखादे टर्बाइन चालू राहू द्या. वीज थोडी आहे, वाहिन्या जागोजागी मृत आहेत, एकेक गाव जोडताना वारंवारिता (विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने) ५० हर्ट्झच्या आसपास धरून ठेवण्याची कसरत आहे, आणि डोंगराच्या कडेला रात्री तो एकच उजेड दिसतो आहे. तो उजेड कोणाचा? कोयना धरणासाठी ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्या प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न साठ वर्षांनंतरही आंदोलनांतून पुढे येत राहिला आहे. त्यांचे गाव धरणात गेले आणि वीज घाटाखाली दूरवर गेली. आता दूरवर नेणारी वाहिनीच बंद पडल्यावर पहिला हक्क त्यांचा, की ज्याच्याकडे यंत्रे आहेत त्या कारखानदाराचा? या एका प्रश्नावर दहा भाग उभे राहू शकतात, आणि तुमच्या चार तरुणांना शास्त्रज्ञ शोधत हिंडण्याचे कारणही उरत नाही, कारण वीज कशी करायची आणि कशी पोचवायची हे जाणणारी माणसे पोफळीत आहेत, गावोगावच्या उपकेंद्रांत आहेत आणि तुमच्या स्वतःच्या घरात आहेत.

‘सारे एकदम बंद पडते’ ही तुमच्या संहितेतील सर्वांत कच्ची जागा आहे. प्रत्यक्षात काय होते ते आपण पाहिलेले आहे. ३१ जुलै २०१२ रोजी देशाची उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही वीजजाळी कोसळली आणि सुमारे ६२ कोटी लोकांच्या प्रदेशात वीज गेली. रेल्वेगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, आणि पश्चिम बंगाल व झारखंडमधील कोळसा खाणींत लिफ्ट बंद पडल्याने कामगार जमिनीखाली अडकून राहिले. तेव्हा दक्षिणेचे जाळे वेगळे होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच वारंवारिता झाली. त्यामुळे एका टोकाला मदत लवकर पोचते, आणि एका टोकाचा बिघाड दुसऱ्या टोकापर्यंत पोचण्याची वाटही तयार होते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत वीज गेली, तेव्हा लोक लोकलमधून उतरून रुळांवरून चालत गेले.

या दोन्ही वेळा वीज परत आली. तुमच्या कथेत ती परत येत नाही. मग बाकीच्या गोष्टी आपापल्या वेळेने मरत जातील, आणि तुमच्या पटकथेला लागणारी लय या ‘आपापल्या वेळे’तूनच मिळेल. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तास पुरते, मग जनित्राचे डिझेल असेल तोवर. डिझेल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत भरपूर असते, पण ते वर खेचणारे यंत्र विजेचे असते. दूध पहिल्या संध्याकाळी संकलन केंद्रावर येते, दुसऱ्या सकाळीही येते, आणि शीतकरण नसल्याने ओतून द्यावे लागते. मंदिरात आरतीला विजेवर वाजणारा नगारा आणि घंटा असते. ती पहिल्याच संध्याकाळी गप्प होते आणि नगारा वाजवता येणारा म्हातारा शोधावा लागतो. पंधरा वर्षांची उडी मारून तुम्ही हे सगळे टाकून दिले आहे. पहिले शंभर दिवस लिहा. प्रेक्षकाला त्यांत स्वतःचे घर दिसेल, ओस मुंबईत ते दिसणार नाही.

आता कारणाविषयी. कारण तुम्हाला पक्के ठाऊक असावे, कारण कोणती यंत्रे मरतात आणि कोणती जगतात हे त्यावरून ठरते. पात्रांना मात्र ते कळण्याची सोय ठेवू नका. बातमी पोचण्याचे मार्ग बंद झाले, की माणसे कारणाशिवाय राहत नाहीत, ती कारण बनवतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, फोन बंद पडले, आणि दोनच दिवसांनी मुंबईतील एका वस्तीत पाण्याचा लोंढा येतो आहे अशी अफवा पसरून चेंगराचेंगरीत लोक दगावले. तुमच्या गावात पहिल्या आठवड्यात युद्धाची, शत्रुदेशाच्या हल्ल्याची, देवीच्या कोपाची, सरकारच्या डावाची अशी चार कारणे फिरू द्या, आणि प्रत्येक कारणाबरोबर कोणत्या घराकडे संशयाने पाहिले जाते तेही दाखवा. कारणापेक्षा कारणाचा हा प्रवास नाट्यमय असतो.

तुमच्या स्वतःच्या नोंदीसाठी एक शक्यता सुचवतो. सूर्यावरील वादळामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हलते आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांत नको असलेला प्रवाह खेळू लागतो. खिशातला फोन किंवा शेतातला छोटा पंप त्यातून वाचतो, पण मोठे जाळे अडचणीत येते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात याच कारणाने सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने आपल्याला हा धोका कॅनडापेक्षा कमी मानला जातो, म्हणून हे कारण ठामपणे पडद्यावर सांगू नका. मात्र त्याच्याशी जोडलेली एक जागा महाराष्ट्रातच आहे आणि ती वापरण्याजोगी आहे. १८५९ च्या सप्टेंबरमधील प्रचंड सौरवादळाची नोंद मुंबईत कुलाबा वेधशाळेने केली होती. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमाप बिघडणार, म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. विजेपासून दूर राहण्यासाठी जिने शहर सोडले, अशी एक वेधशाळा आपल्या किनाऱ्यावर आहे. तुमच्या कथेत तिथला एखादा निरीक्षक त्या रात्रीचा आलेख कागदावर घेऊन घाट चढून येऊ शकतो. तो खरे सांगत असेल आणि त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. दुसऱ्या निर्मितीसंस्थेला एवढे उत्तर पुरेल.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे पत्र निवडले त्याकडे येतो. यंत्र थांबले म्हणून त्याचे काम थांबत नाही, ते कोणाच्या तरी अंगावर येते. ते कोणाच्या अंगावर येते, हेच तुमच्या मालिकेचे कथानक असले पाहिजे. तुमच्या सध्याच्या संहितेत एकही माणूस दळण आणत नाही, पाणी भरत नाही, भाकरी थापत नाही. पंधरा वर्षे विजेविना राहिलेल्या या जगातील सगळी पात्रे सारखी हिंडत आणि लढत आहेत. त्यांचे पीठ कोण दळते?

गावातील गिरणी बंद पडली, की घरात डबाभर पीठ असेल तेवढे दिवस निघतील. मग जाते शोधले जाईल. ते कुठे सापडेल याचा विचार करा. लग्नाच्या हळदीला पूजेपुरते वापरलेले, परड्यात उलटे पडलेले, नाहीतर एखाद्या ढाब्याच्या दाराशी शोभेला ठेवलेले. आणून बसवले तरी ते दळणार नाही, कारण त्याचे दोन्ही दगड गुळगुळीत झालेले असतात आणि त्यांना टाकी लावून (छिन्नीने बारीक खाचा पाडून) घ्यावी लागते. टाकी लावणारी माणसे दारावरून हाळी देत फिरायची, ती हाळी ऐकलेली पिढी आता म्हातारी आहे. सासूला दळण्याची रीत आठवते पण खांद्यात बळ नाही, आणि सुनेच्या खांद्यात बळ आहे पण खुंटा कसा धरायचा ते ठाऊक नाही. घरातला मुलगा खुंट्याला हात लावेल का, हा प्रश्न पहिल्या सकाळी कोणी बोलून दाखवणार नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यावरून घर फुटेल.

इथे एका मोहापासून सावध राहा. जात्यावरच्या ओव्या सुंदर आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि हे काम किती मोठे आहे ते वाचू लागल्यावरच कळते. पण त्या ओव्यांतून जे ऐकू येते त्यात माहेरच्या आठवणीइतकाच शिणवटाही आहे. माझ्या आजीच्या तळहातांना जात्याचे घट्टे होते आणि गावात गिरणी आली तो दिवस तिला अखेरपर्यंत आठवत होता. तेव्हा तुमच्या मालिकेत पहाटेचा धुरकट उजेड, जात्याची घरघर आणि वर ओवी असा देखणा प्रसंग असेल, तर त्याच प्रसंगात दळणारीचे मनगट सुजलेले दिसू द्या.

कथा डिसेंबरमध्ये घडते हा तुमचा निर्णय फार चांगला आहे, जरी तुम्ही तो केवळ थंडीसाठी घेतला असावा असे वाटते. कराडच्या परिसरात डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या फडात आहेत, कारखान्याभोवती कोप्यांची (तात्पुरत्या झोपड्यांची) वस्ती वसली आहे, आणि एका रात्रीत त्यांचे परतीचे सगळे मार्ग बंद होतात. गाव त्यांना आपले मानत नाही, आणि आता ते जाऊही शकत नाहीत. तुम्हाला ओस पडलेली मुंबई संगणकावर रंगवण्याची गरज नाही. एक कारखाना, एक गाव, मध्ये उसाचे फड आणि कडेला कोप्या एवढ्या जागेत संपूर्ण राज्य मावते, आणि पहिल्या निर्मितीसंस्थेचा खर्चाचा आक्षेपही इथेच मिटतो.

या जागेत दडलेली नाट्ये मोजून दाखवतो, कारण ती पडद्यावर अजून पुरेशी आलेली नाहीत. कारखान्याच्या गोदामात पोत्यांनी साखर आहे आणि बागायती गावात भाकरीला ज्वारी नाही, कारण वर्षानुवर्षे सगळीकडे ऊसच लावला आहे. सहवीजनिर्मिती असलेला कारखाना उसाचा चोथा जाळून स्वतःची वीज करू शकतो, म्हणजे हंगाम चालू असेपर्यंत परिसरातील दुसरे वीजकेंद्र चेअरमनच्या हातात आहे. पण चोथा हवा तर ऊस तोडला पाहिजे, आणि ऊस तोडणारे हात कोप्यांत आहेत. आजवर टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या एका शब्दावर उठणाऱ्या त्या वस्तीला एखाद्या सकाळी कळेल, की आपण कोयता खाली ठेवला तर कारखान्याचा दिवा विझतो. ट्रॅक्टर डिझेलविना उभे आहेत. बैल उरले आहेत ते गाडीवान टोळ्यांकडे, आणि ते बैल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत. बागायतदाराच्या गोठ्यात संकरित गाई आहेत, त्यांच्या गोऱ्ह्यांना वशिंड जेमतेम असते, त्यामुळे मानेवर जू नीट बसत नाही. काल ज्याच्याकडे सर्वांत कमी होते, त्याच्याकडे आज ओढण्याची सगळी ताकद आहे.

आणि हिशेब. सहकारी बँकेतील आणि पतसंस्थेतील ठेवी संगणकात होत्या, त्या गेल्या. मुकादमाने दिलेली उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) मात्र वहीत, कागदावर, अंगठ्यानिशी लिहिलेली आहे, ती राहिली. श्रीमंताची बचत पुसली गेली आणि गरिबाचे कर्ज शिल्लक राहिले. त्या वहीसाठी तुमच्या कथेत खून होऊ शकतो, आणि तो तलवारीने होणाऱ्या कोणत्याही लढाईपेक्षा खरा वाटेल. कोणी ती वही जाळावी, कोणी लपवावी, की कोणी भर सभेत वाचून दाखवावी, हे ठरवताना घाई करू नका. तुमच्या मालिकेचा मध्य तिथे आहे असे मला वाटते.

पाण्याबाबतही असाच तपशील गोळा करावा लागेल. विंधन विहीर पाचशे फूट खोल आणि सहा इंच रुंद असते, तिच्यात बादली सोडता येत नाही. जुने आड कचऱ्याने बुजवलेले असतात. हातपंप मात्र चालतो, आणि त्याच्यामागे आपल्याच भागाची गोष्ट आहे. देशभर आणि पुढे आफ्रिकेपर्यंत पोचलेला ‘इंडिया मार्क टू’ हा पंप ज्या आधीच्या नमुन्यांवरून घडला, ते जालना आणि सोलापूर येथे साध्या वर्कशॉपमध्ये तयार झालेले होते. पण तोही पन्नास मीटरच्या आसपासच पोचतो, आणि भूजल त्याखाली गेले असेल तर दांडा कितीही हाणला तरी कोरडाच राहतो. याच्या उलट सौर कृषिपंप. तो वीजजाळ्याला जोडलेला नसतो, म्हणून ऊन असेपर्यंत चालत राहील, आणि ज्याच्या शेतात तो आहे तो माणूस आठवड्याभरात गावातला सर्वांत मोठा माणूस होईल. शहरातील गच्चीवरची बहुतेक सौर पॅनेले मात्र वीज गेली की स्वतःहून बंद होतात, कारण वाहिनी मृत समजून खांबावर चढलेल्या माणसाला धक्का बसू नये अशी ती व्यवस्था असते. हे तुमच्या वडिलांना विचारा. त्या व्यवस्थेने वाचवलेला माणूस म्हणजे तेच.

नळ गेला आणि विहीर परत आली, की विहिरीबरोबर जुना प्रश्न परत येतो, आणि तो टाळून लिहिलेली मालिका खोटी होईल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, ते पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी घडले. नळयोजनेने गावागावांतील पाणवठ्याची रेषा निदान नजरेआड केली होती. नळ कोरडा पडल्यावर ती रेषा कोणी पुन्हा ओढू पाहील, कोणी ओढू देणार नाही, आणि अनेक जण दुसरीकडे पाहतील. तुमच्या संहितेत एका ठिकाणी ‘पुन्हा बारा बलुतेदारांचा सुखी गाव उभा राहतो’ असे वाक्य आहे. कृपया ते काढा. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणाला जो कठोर विरोध केला, तो अशाच वाक्यांना होता. लोहार, सुतार, चांभार, कुंभार यांचे कसब तुमच्या जगात परत मोलाचे होईल हे खरे, पण ते कसब असलेला माणूस या वेळी बलुत्यावर काम करायला तयार होईल का? तो आपली मजुरी स्वतः ठरवेल, आणि गावातल्या जुन्या घरांना ते सहन होणार नाही. तसा प्रसंग लिहा.

विजेविना चालणाऱ्या चांगल्या व्यवस्थाही आपल्याकडे आहेत, त्या दाखवायला संकोच करू नका. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड पद्धतीची सिंचनव्यवस्था काही शतके चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा, उताराने वाहणारे पाट, आणि पाणी वाटणारा पाटकरी. इथे फड म्हणजे एकत्र पाणी घेणारा शेतांचा पट्टा; शेतकरी त्यातले पीक एकत्र ठरवतात, त्यामुळे वरच्याने पाणी अडवून खालच्याला कोरडे ठेवण्याला आळा बसतो. यात पंप नाही, पण नियम आहेत, आणि ते पाळून घेणारी माणसे आहेत. तुमच्या कथेतील एखादी ऊसतोड बाई त्या भागात काम करून आलेली असू शकते, आणि सातव्या-आठव्या भागात पाण्याची वाटणी कशी करावी हे गावाला तिने सांगावे. गाव ऐकेल की नाही, ते तुम्ही ठरवा.

मुंबई पूर्णपणे वगळू नका, पण ती माणसांच्या तोंडून येऊ द्या. पायी चालत आलेला एखादा तरुण सांगेल, की तानसा-वैतरणेचे पाणी बरेचसे उताराने शहराकडे येत होते, पण भातसेचे पाणी पिसे येथे पंपाने उचलावे लागते, ते थांबले. जे पाणी आले तेही इमारतींच्या तळटाकीत राहिले, कारण वर चढवणारा पंप बंद. विसाव्या मजल्यावरच्या माणसाने पहिल्या दिवशी बादल्या वाहिल्या, पाचव्या दिवशी सदनिका सोडली. एवढ्या दोन मिनिटांच्या कथनातून शहर जितके उभे राहील, तितके लाखो रुपयांच्या पडझडीतून राहणार नाही.

चित्रीकरणाबद्दल दोनच गोष्टी सांगतो, बाकीचे तुमचा छायाचित्रकार जाणतो. रात्रीचे प्रसंग कमी करा आणि जे ठेवाल ते कंदील, चूल किंवा शेकोटीच्या जवळ ठेवा, म्हणजे दिसणाऱ्या ज्योतीला थोडा आधार देऊन प्रकाशयोजना होईल. निळसर कृत्रिम चांदण्यात सगळे गाव न्हाऊन निघाले, की वीज गेल्याचे कोणालाच पटणार नाही. दुसरी गोष्ट ध्वनीची. आपल्या मालिकांत पार्श्वसंगीत क्षणभरही थांबत नाही. तुमच्या पहिल्या भागात वीज गेल्यानंतर ते पूर्ण थांबवा. फ्रिज, पंखा, लांबवरचा हमरस्ता, कारखान्याचा अखंड घुमणारा आवाज हे सारे एकेक करून जाऊ द्या, आणि मग बैलांच्या गळ्यातील घाटी ऐकू येऊ द्या. वाहिनीचे अधिकारी यावर हरकत घेतील. इतर सगळ्या बाबतींत तडजोड करा, इथे करू नका.

बोलीबद्दलही आग्रह धरा. कराडचे गाव, बीडची टोळी आणि अलिबागहून आलेला निरीक्षक एकाच प्रमाण मराठीत बोलू लागले, तर ते एकमेकांना परके आहेत हे कळणारच नाही. सहा वर्षे तुम्ही दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहिले आहेत, तेव्हा हे काम तुम्हाला उत्तम जमेल. फक्त त्याआधी या हंगामात आठ दिवस काढून फडावर जा. कोप्यांतल्या बायका पहाटे किती वाजता उठतात, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले पैसे कोणाच्या हातात जातात, बैल आजारी पडला तर काय करतात, हे त्यांना विचारा. त्यांचा वेळ मोलाचा आहे, म्हणून विचारत असताना मोळ्या बांधायला हात लावा. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे अशा माणसांशी बोला. खडी फोडण्याचे काम, सुकडी, परदेशातून आलेला तांबडा मिलो (ज्वारी) या त्यांच्या आठवणींत तुम्हाला टंचाईच्या दिवसांतले माणसांचे वागणे सापडेल, आणि ते कल्पनेने लिहिता येत नाही.

शेवटी तुमच्या वडिलांविषयी. चार तरुणांपैकी तिघांना काढून टाका आणि त्यांच्या जागी निवृत्त वायरमन आणा. त्याला खांबावर चढणे आता जमत नाही, पण कोणता फीडर कुठून कुठे जातो हे त्याला नकाशाविना ठाऊक आहे. कारखाना त्याला बोलावतो, प्रकल्पग्रस्तांचे गाव त्याला बोलावते, आणि त्याने तार कोणाकडे ओढायची यावर अख्ख्या खोऱ्याचे लक्ष आहे. सोबत एक मुलगी ठेवा, जी त्याच्या सांगण्यावरून खांबावर चढते. ‘कोयना हाय तवर अंधार कसा ऱ्हाईल?’ हे वाक्य जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत, पहिल्या भागाच्या शेवटी त्याच्या तोंडी द्या. त्या वेळी त्याच्यासमोर कोण उभे असेल, चेअरमन, मुकादम की पाण्याखाली गेलेल्या गावातली एखादी म्हातारी, हे ठरवा आणि तेवढी वीस पाने मला पाठवा.